जो कुणी ऐकतोयस त्याला

पहिल्यांदा उन्हालाच दोष दिला.
वैशाखातलं सोलापूर, पत्र्याखाली
माणूस तापतं, तर फोनचं काय.
ओल्या टॉवेलच्या घडीत ठेवला,
तासाभरानं हात लावला तरी गरम,
कुणी आत्ताच बोलून खाली ठेवल्यासारखा.
मी तर सकाळपासून काठ शिवत होते.

मग बॅटरी. शंभरावरून निघालेली
डबा खाईपर्यंत बावीस.
मग नेट. व्हिडिओ बघायला सवड कुणाला,
तरी दीड जीबी रोज संपलेलं,
जसं पाचव्या दिवशी पाणी यावं
आणि कुणी नळाला मोटर लावावी.
शेजारणीची मोटर निदान वाजते तरी.

राजमणी म्हणाली, जुना झाला असेल गं.
म्हटलं, दिवाळीचाच आहे की.
दिवाळीचा.
बोनसच्या ऐवजी शेठनं स्वतःच्या हातानं दिलेला,
खोका फोडून, कार्ड घालून, सगळं सेट करून,
फक्त मला.
बाकीच्या बायांना अर्धा किलो सोनपापडी.

अशोक चौकातला दुरुस्तीवाला पोरगा, म्याकलांचा श्रीधर, म्हणाला,
मावशी, फोन शंभर कारणांनी तापतो.
फोनकडे बघू नका, माणसांकडे बघा.
तुम्ही एकाला सांगितलेलं
दुसऱ्याच्याच तोंडून येतंय का?

येत होतं.
मुकादम परवा सहज विचारून गेला,
"काय, आईचा मोतीबिंदू कधी काढताय?"
ते मी फक्त बहिणीला सांगितलं होतं.
तेही तेलुगूत.

म्हणजे तुला तेलुगू येतं.

मग एक खोटं शिवलं, बारीक टाक्याचं.
राजमणीला आधी कानात सांगून ठेवलं,
मग फोन लावला:
"शुक्रवारी चार वाजता, सिद्धेश्वर तळ्याच्या कडेला.
सगळ्याजणी. कागद मी आणते."

शुक्रवारी मी पलीकडे, शेंगावालीच्या छत्रीखाली.
चार वाजून सहा मिनिटांनी
मुकादमाची गाडी आली.
तो पाण्याकडे बघत उभा राहिला,
घड्याळ बघितलं, परत पाण्याकडे.

हसायला यायला पाहिजे होतं.
टरफलं पदरात धरून तशीच बसले.
रात्री अकराला मोरीच्या पायरीवर बसून
बहिणीपाशी रडले होते, नवऱ्याच्या दारूवरून,
ते आठवलं.
त्या वेळी तू जेवत होतास का?
का आवाज कमी केलास थोडा?

फोन फेकणार होते. श्रीधर म्हणाला, नको,
काही पुसू पण नका, पुरावा जाईल.
त्याच्या फोनवरून बँकेचा नंबर बदलला.
वहीत तारखा लिहिल्या: काय बोलले, कुठून परत आलं.
साडेसहाशेचा बटणांचा फोन घेतला,
तो तांदळाच्या डब्यात असतो.
वही घेऊन दोनदा चौकीत जाऊन आले.
साहेब म्हणाले, बघू. बघू म्हणजे काय
ते सगळ्या भाषांत सारखंच.

तुझा फोन मात्र मी रोज आणते.
चार्ज करून आणते.
सकाळी आठला सात नंबरच्या मागावर ठेवते,
धोट्याच्या अगदी जवळ.
खट् खट् खट् खट्,
सुट्टीपर्यंत. दीड जीबी सगळं तुलाच.

इथं कुणी ओरडून बोलत नाही, ओरडून उपयोग नसतो.
आम्ही ओठ वाचतो.
काल राजमणी मागाच्या पलीकडून काहीतरी बोलली,
दोन्ही पंजे उघडले, मग वर एक बोट.
अकरा.
तुला ऐकू आलं नसेल.

पण आवाज ओळखीचा वाटत असेल.
तेलुगू येतं तुला; म्हणजे तुझ्याही घरी
कुणीतरी असेल, भिंतीला टेकून बसलेलं,
ज्याला जेवायला बोलवताना
हात लावून हलवावं लागतं.